वावरातला फोटो: बातमीचा कोणता, कल्पनेचा कोणता?

भेगाळलेलं वावर, डोक्याला हात लावलेला शेतकरी, नजर आभाळाकडे. विदर्भावरच्या कुठल्याही बातमीला हा फोटो चालतो आणि वर्षानुवर्षं चालवला जातोय. तोच मोठा करून, चौकटीत बसवून एखाद्या प्रदर्शनात लावला की लोक त्याला ‘कन्सेप्च्युअल’, म्हणजे कल्पनेचा फोटो, म्हणायला लागतात. गडबड इथेच होते. डॉक्युमेंटरी फोटो आणि कन्सेप्च्युअल फोटो यांतला फरक तो कुठे टांगलाय यावर ठरत नाही. कृष्णधवल आहे की धूसर, यावर तर मुळीच नाही.

सर्वसाधारण समज असा की जसं घडलं तसं टिपलं तर डॉक्युमेंटरी, आणि मांडणी करून काढलं तर कन्सेप्च्युअल. ही कसोटी कामाची नाही. ‘काका, जरा वर पाहा’ असं सांगून आपल्याकडे काढलेले फोटो काय थोडे आहेत? ते मांडलेलेच असतात, तरी कन्सेप्च्युअल होत नाहीत. ते नुसते खोटे पडलेले डॉक्युमेंटरी फोटो. प्री-वेडिंगवाले तर धूर, ड्रोन, घोडा सगळं मांडतात, पण त्यातली कल्पना नवरा-नवरीच्या आधीच पॅकेजच्या कागदावर छापून आलेली असते.

मला विचाराल तर पाहायचं एवढंच की फोटो बघणाऱ्याला कसला शब्द देतो. डॉक्युमेंटरी फोटो म्हणतो, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी हे असं होतं. कन्सेप्च्युअल फोटो तो शब्द देतच नाही. तिथे आधी विचार असतो आणि तो मांडायला कॅमेरा हाताशी घेतलेला असतो. झाडीपट्टीच्या नाटकाच्या मंडपात जंगल पडद्यावर रंगवलंय म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. तोच पडदा गडचिरोलीचं जंगल म्हणून पेपरात छापला, तर मात्र फसवणूक.

दुष्काळाचंच उदाहरण घ्या. 1936 मध्ये अमेरिकेत आर्थर रॉथस्टीन सरकारी खात्यासाठी फोटो काढत होता. साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर त्याला गुराची कवटी दिसली. ती थोडी इकडे-तिकडे सरकवून त्याने बरेच फोटो घेतले. वर्ष निवडणुकीचं होतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधातल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी होती, पण काही फूट सरकवल्याने दिलेला शब्द मोडला.

आता जेफ वॉल या कॅनडाच्या कलाकाराचं 1993 चं काम बघा. होकुसाई या जपानी चित्रकाराच्या एका चित्रावरून त्याने मोकळ्या शेतातला वारा उभा केला: माणसं वाकलेली, कागद उधळलेले. पाहणाऱ्याला वाटतं, क्षण सापडला. प्रत्यक्षात त्यात अभिनय करणारी माणसं आहेत आणि शंभराहून अधिक फोटो संगणकावर जोडलेले आहेत. कवटीपेक्षा कितीतरी मोठी सरकवासरकव! तरी त्याला खोटारडा कोणी म्हणालं नाही, कारण खरं घडल्याचा दावाच नव्हता.

हे नवं फॅडही नाही. 1840 मध्ये, फोटोग्राफी जगजाहीर होऊन जेमतेम वर्ष झालं असताना, इपोलीत बायार या फ्रेंच माणसाने स्वतःचाच बुडून मेलेला फोटो काढला. सोबत मजकूर लिहिला की सरकारने फोटोग्राफीचा दुसरा शोधक दागेर याला भरभरून दिलं, मला काही नाही, म्हणून या बिचाऱ्याने जीव दिला. नाराजी खरी, प्रेत खोटं, आणि दोन्ही उघड.

उलट बाजूने फसवणारं काम बेर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याचं. 1959 पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, भट्ट्या यांचे फोटो काढले, ढगाळ उजेडात, समोरून, माणसाविना. एकेक फोटो सुटा पाहिला तर सरकारी नोंदवहीतला वाटेल. पण नऊ-बारा टाक्या ओळीने एकाच भिंतीवर लागल्या की नजर टाकीवरून उठून टाकी-टाकीतल्या फरकावर जाते. कल्पना त्या नेमात आहे. 1990 च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेचा! आपल्याकडे कोणी एका तालुक्यातल्या बंद पडलेल्या विहिरी, प्रत्येक धुऱ्यावरून त्याच उंचीने, त्याच उजेडात काढल्या, तर त्यात एकही फोटो मांडलेला नसेल आणि तरी काम कन्सेप्च्युअल होऊ शकेल. कोणीतरी ते करावं, असं मला फार वाटतं. डोक्याला हात लावलेले काका आता पुरे झाले.

त्या काकांना विचारतं कोण, हाही प्रश्न आहेच. फोटोग्राफर गौरी गिल यांनी पालघर जिल्ह्यातल्या जव्हारकडे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या आदिवासी कारागिरांसोबत काम केलं. गावकरी प्राण्यांचे, पक्ष्यांचे मुखवटे घालून आपल्या रोजच्या जागी बसलेले दिसतात. मांडणी उघड आहे, आणि मांडणाऱ्यांत समोरची माणसंही आहेत. ‘वर पाहा’पेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

विकत घ्यायचं म्हटलं की दोन्हींचा हिशेब वेगळा होतो. रॉथस्टीनचा तो फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरने मात्र ऱ्हाइन नदीच्या 1999 च्या फोटोतून पलीकडच्या काठावरची बांधकामं संगणकावर पुसली, आणि त्याची एक प्रत 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 43 लाख डॉलरला गेली. तिथे भाव कल्पनेला आणि नावाला असतो, आणि ठरावीकच प्रती काढायच्या या नेमालाही. डॉक्युमेंटरी प्रिंट घेताना विचारायचं ते असं: कुठला, कधीचा, प्रिंट त्याच काळातला की नंतर काढलेला, खालची ओळ कोणी लिहिली. कन्सेप्च्युअल घेताना विचारा, एकूण प्रती किती. खाली 2/5 लिहिलंय म्हणजे पाचांतली दुसरी. पण त्याच फोटोच्या लहान आकारात आणखी दहा निघाल्यात का, कलाकाराने स्वतःसाठी किती ठेवल्यात, हे सही केलेल्या प्रमाणपत्रावर लिहून घ्या. मालिकेतला एकच तुकडा घेताय तर तो एकटा बोलतो का, तेही बघा. बारा विहिरींतली एक भिंतीवर लावली, तर ती नुसती विहीर.

कागद चांगला म्हणजे बहुतेकदा शंभर टक्के कापसाचा, आम्लविरहित. जिनिंगनंतर सरकीवर उरणाऱ्या आखूड लवेपासूनही असा कागद होतो, म्हणजे माल मुळात पऱ्हाटीचाच. पण आपल्या हवेपुढे तोही टेकतो. मे महिन्यात कूलरच्या झोतासमोर लावलेला प्रिंट ओल धरून लाटांसारखा वाकतो, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवला तर बुरशी धरतो. काच आणि प्रिंट यांत जागा सोडणारा पुठ्ठ्याचा माउंट लावा, चौकट भिंतीपासून थोडी पुढे ठेवा, पश्चिमेचं ऊन टाळा.

आणि प्रिंट घेतला म्हणून कॉपीराइट तुमच्या नावावर येत नाही. भिंत तुमची, प्रत तुमची. पण पोळ्याच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर तो फोटो टाकायचा असेल, तर कलाकाराची लेखी परवानगी लागेल.