बाळ निजवणारी बाटली

बाळंतशोपा चिमटीत चुरडून हुंगा. ग्राइप वॉटर आठवलं ना? आठवणारच, कारण दोन्हींतला वास शेपूचाच. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ही बाटली काढली, तेव्हा तिच्यात शेपूच्या बियांचं तेल, सोडा, साखर, पाणी आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं. तान्ह्या बाळाला दारू! ऐकून आज आपण दचकतो, पण तेव्हाच्या दुकानातल्या फळीवर ही बाटली त्यातल्या त्यात सोज्वळ होती.

शेजारी असायचं गॉडफ्रेज कॉर्डिअल, म्हणजे काकवीत कालवलेली अफू. या बाटलीची एक खोड होती. ती ठेवून दिली की अफू हळूहळू तळाशी बसायची. वरचे चमचे बेताचे, तळाचे मात्र जालीम. आठवडाभर ज्या मापाने बाळ नुसतं झोपत होतं, त्याच मापाने शेवटच्या दिवशी ते उठायचंच नाही.

अमेरिकेत या धंद्याची राणी होती ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’. मेन राज्यातल्या बँगर गावी १८४९ मध्ये ते विकायला आलं. दात येताना किरकिरणाऱ्या मुलांसाठी म्हणून जाहिरात, चित्रात प्रसन्न आई आणि गुटगुटीत बाळ. आत एका औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन. हिशेब करून पाहा: औंस म्हणजे जवळपास ३० मिलिलिटर, तेव्हा पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात ११ मिलिग्रॅम. वेदनेने तळमळणाऱ्या मोठ्या माणसाला तोंडावाटे सुरुवातीला साधारण एवढंच देतात.

मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाचा ताल सांभाळणाऱ्या केंद्राला मंद करतं. मोठ्यांचं यकृत ते बऱ्यापैकी निकामी करून बाहेर काढतं. तान्ह्याचं यकृत अजून त्या कामाला तयार नसतं, म्हणून औषध अंगात रेंगाळतं आणि पुढचा चमचा आधीच्यावर चढतो. आतड्यांची हालचालही मंदावते, त्यामुळे जुलाब खरोखरच थांबत. औषध ‘लागू पडलं’ असं वाटायला आणखी काय हवं? पण गुंगीतलं बाळ दूधही मागत नाही. कित्येक मुलं एका चमच्याने गेली नाहीत, ती हळूहळू वाळत गेली, आणि मग दोष अशक्तपणावर गेला.

या सगळ्यांना ‘पेटंट औषधं’ म्हणत, हे तर भलतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि यांचा सारा जीव गुपितात. बहुतेकांनी नोंदवून घेतलं ते फक्त नाव आणि लेबल.

आयांना मात्र नावं ठेवू नयेत. दिवसभर कारखान्यात उभं राहणारी बाई बाळाला कुठे ठेवणार? मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांपुढेही हाच प्रश्न होता, आणि इथलं उत्तर बाटलीत नव्हतं, पुडीत होतं: बाळगोळी. नाव किती लाडिक! आत अफू. गिरणीतली पाळी संपेपर्यंत चाळीच्या खोलीत बाळ निपचित पडून राहावं, एवढ्यासाठी. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही मुलांना अफू देण्याची ही चाल नोंदलेली आहे.

मग ग्राइप वॉटरने मुलं शांत कशी होत? शेपूचं श्रेय मला थोडं शंकास्पदच वाटतं. साखरेचं मात्र नाही. नवजात बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब ठेवले की रडणं ओसरतं. टाचेतून रक्त घेण्याआधी रुग्णालयांत हा उपाय करतात. उंदरांच्या पिलांना अफूवर्गाचा परिणाम अडवणारं औषध आधी दिलं, तर साखरेचा हा गुण नाहीसा होतो. म्हणजे गोड चवीने शरीर स्वतःचीच अफूसारखी रसायनं थोडीशी सोडत असावं. विन्स्लोबाई जे बाहेरून ओतत होत्या, त्याची चिमूटभर सोय बाळाच्या डोक्यात आधीपासूनच होती.

१९०६ च्या अमेरिकन कायद्याने अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन असे घटक लेबलवर छापणं सक्तीचं केलं. बंदी नव्हे, फक्त छापणं. तेवढ्यानेही बरीच पळापळ झाली. पुढे त्या सिरपातून मॉर्फिन गेलं, नावातून ‘सूदिंग’ गेलं. मिसेस विन्स्लो मात्र लेबलवर तशाच राहिल्या.