उतारावरसुद्धा धाप का लागते?

जून २०२४ मध्ये इटलीतल्या वाल दि सोलेला निनो शुर्टर या स्विस रायडरने वर्ल्ड कपची रेस जिंकली, त्याची ३६वी, आणि तेव्हा गडी ३८ वर्षांचा होता. क्रॉस कंट्री माउंटन बायकिंग म्हणजे साधारण दीड तास जीव खाऊन चढ, दगड, मुळं, उतार आणि परत तोच चढ. अशा खेळात विशीतल्या पोरांनी म्हाताऱ्याला (खेळाच्या हिशोबाने हां) कधीच मागे टाकायला हवं ना? टाकतात की, पण दरवेळी जमत नाही.

दमाच्या खेळात सगळे आधी व्हीओटू मॅक्स बघतात, म्हणजे शरीर मिनिटाला वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. टॉपच्या पुरुष रायडर्सचा हा आकडा ७० च्या वर असतो, धडधाकट तरुण माणसाचा ४०-४५ च्या आसपास. तिशीनंतर तो घसरायला लागतो, ट्रेनिंगने घसरण मंदावते पण थांबत नाही. म्हणजे नुसत्या इंजिनाचा खेळ असता तर विषय इथेच संपला असता.

पण ही रेस एका लयीत चालतच नाही. सुरुवातीलाच सगळे बेफाम सुटतात, कारण थोडं पुढे वाट इतकी अरुंद होते की एकच सायकल मावते, आणि तिथे मागे अडकलात तर पाय कितीही दमदार असोत, पुढचा जाईल त्याच स्पीडने जायचं. मग प्रत्येक चढावर स्नायू ऑक्सिजनच्या पुरवठ्यापेक्षा जास्त काम करतात, म्हणजे सरळ उधारीवर. ही उधारी फेडायची उतारावर. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण उतारावर पेडल जवळपास थांबलेलं असतं तरी हृदयाचे ठोके म्हणावे तसे खाली येत नाहीत! रायडर सीटवरून उठून अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर उभा, बोटं ब्रेकवर, खालून दगडांचे दणके, त्यामुळे हात, खांदे, पाठ, मांड्या सगळं ताणलेलं, आणि ताणून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. नवखा रायडर हँडल गच्च आवळून धरतो आणि खाली पोचेपर्यंत आणखी दमतो. मुरलेला रायडर पकड सैल ठेवतो, सायकल खाली नाचू देतो आणि तेवढ्यात श्वास जमवतो.

ब्रेकचंही तेच. समजा रायडर आणि सायकल मिळून ८० किलो. एका वळणावर मुरलेला माणूस ताशी २५ किमीने निघाला आणि नवखा घाबरून २० वर आला, तर नवख्याची साधारण ७०० ज्यूल ऊर्जा ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन गेली. लॅपला अशी १० वळणं आणि ६ लॅप धरले तर झाले ४२,००० ज्यूल, म्हणजे ४०० वॉटने पावणेदोन मिनिटं पेडल मारण्याइतकं काम नुसतं फुकट. आणि या खेळात एकेका सेकंदाला किंमत असते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शुर्टरचं गोल्ड गेलं फक्त १ सेकंदाने, चेक रायडर यारोस्लाव कुल्हावीने शेवटच्या टप्प्यात त्याला गाठलं. त्याआधी २००८ ला ब्रॉन्झ होतं, २०१६ ला रिओमध्ये शेवटी गोल्ड मिळालं. आठ वर्षांत तिन्ही रंग.

हात आणि डोळ्यांची ही समज वयाबरोबर फुफ्फुसांइतकी लवकर उतरत नाही, माझ्या मते करिअर लांबतं ते यामुळे. नॉर्वेची गुन-रिटा दाले फ्लेशो २००४ ला ऑलिम्पिक चॅम्पियन झाली आणि २०१८ पर्यंत, पंचेचाळिशीत, रेस करत होती.

तरुणांकडे ही समज नसतेच असं मात्र नाही. पॅरिस ऑलिम्पिक २०२४ ला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं टायर पंक्चर झालं, जवळपास ४० सेकंद गेले, ते त्याने लॅपमागून लॅप भरून काढले. शेवटच्या लॅपला फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्स्की पुढे, वाटेत एक झाड, कोरेत्स्की एका बाजूने गेला तर हा पठ्ठ्या दुसऱ्या बाजूने घुसला आणि पुढे निघाला. फ्रेंच पब्लिकने हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी पिडकॉकचा २५वा वाढदिवस होता.