झोपेतून उठलेला संगणक आणि आयआरक्यूचा घोळ : पार्श्वभूमी

२००३च्या सुमारास वीज हा मध्य प्रदेशात निवडणुकीचा मुद्दा होता. त्या काळात इंदूरमध्ये डेस्कटॉप कोणी ‘स्लीप’वर, म्हणजे काम रॅममध्ये तसंच ठेवून झोपेत, ठेवत नसे. वीज गेली आणि पाठोपाठ यूपीएस बसला, की रॅममधलं सगळं पुसलं जाई. झोपेतून नीट न उठण्याच्या तक्रारी दुरुस्तीच्या दुकानांत येऊ लागल्या त्या लॅपटॉप घरोघरी आल्यावर.

मूळ पीसी १९८१चा. त्यात इंटरप्टच्या, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला हाक मारायच्या, आठ लाइनी होत्या; या हाकेलाच आयआरक्यू म्हणतात. १९८४मध्ये दुसरी चिप जोडून वापरता येण्याजोग्या पंधरा झाल्या. पुढे कार्डं जोडायची पीसीआय पद्धत आल्यावर एकाच लाइनीवर अनेक कार्डं बसू लागली.

झोपेचं पहिलं मानक १९९२चं. त्यात बरंचसं काम बायोस हा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅमच परस्पर उरकत असे. डिसेंबर १९९६मध्ये आलेल्या एसीपीआय या नव्या मानकाने सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिली, पण अर्धवटच. झोपायचं कधी हे सिस्टिम ठरवणार, मात्र त्यासाठी लागणारे तक्ते मदरबोर्ड बनवणारा लिहिणार. तेव्हापासून बिघाड झाला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. माझ्या मते दोष तक्त्यांचाच जास्त.

एसीपीआयच्या ‘एस३’ नावाच्या झोपेत रॅम जागी राहते, पण बहुतेक चिपांची स्मृती जाते. उठताना इंटरप्टची मांडणी नव्याने करावी लागते. एखाद्या उपकरणाने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, उठण्याआधीच लाइन ओढून धरली, तर हाकेला ओ देणारं कोणी नसतं. विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं लिनक्स अशा हाका मोजतं. एक लाखातल्या ९९,९००हून जास्त बेवारस निघाल्या, की ‘नोबडी केअर्ड’ असं लिहून ती लाइनच बंद करतं. मग त्याच लाइनीवरचा निरपराध माउसही मरतो. लिनक्सच्या २००९मधल्या २.६.३० आवृत्तीपासून झोपण्याच्या शेवटच्या टप्प्यात ड्रायव्हरांचे इंटरप्ट आधीच थोपवून ठेवायची सोय झाली.

खरा घोळ मात्र एका अक्षराचा आहे. विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ दिसलं, की लोक आयआरक्यू वाचतात आणि शेवटचा ‘एल’ सोडून देतात. आयआरक्यू म्हणजे उपकरणाची हाक. आयआरक्यूएल म्हणजे प्रोसेसर त्या क्षणी किती महत्त्वाच्या कामात आहे, त्याची पातळी. पातळी वर असताना एखाद्या ड्रायव्हरने चुकीच्या किंवा डिस्कवर गेलेल्या मेमरीला हात घातला, की हा पडदा येतो. म्हणजे संशय ड्रायव्हरवर घ्यायचा, फार तर रॅमवर. लाइनीची टक्कर हे याचं कारणच नव्हे. तरी आपल्याकडे वर्षानुवर्षं ऐकू येई, “भिया, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका.” हा उपाय खोटा नव्हता. पीसीआयच्या काळात स्लॉट बदलला की लाइनही बदले, आणि खऱ्या टकरीवर ते चाले. फक्त औषध एका दुखण्याचं आणि रोगी दुसऱ्याच दुखण्याचा. लॅपटॉपला तर स्लॉटही नसतो, म्हणून तिथे थेट फॉरमॅट मारला जाई. फॉरमॅटनंतर तोच जुना ड्रायव्हर पुन्हा टाकला जाई, आणि आठवड्याभरात निळा पडदाही परत येई.

इंटरप्टची एमएसआय ही नवी पद्धत रुळल्यावर उपकरणं लाइन ओढण्याऐवजी मेमरीत संदेश लिहू लागली, त्यामुळे वाटून घेण्याची भांडणं कमी झाली. एसीपीआयची स्वतःची लाइन मात्र अजून उरली आहे, बहुधा ९ क्रमांकाची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस३ नसतंच. तिथली ‘मॉडर्न स्टँडबाय’ ही जेमतेम डुलकी असते, आणि कुठलाही भलता इंटरप्ट यंत्राला बॅगेतच जागं करून तापवतो. कोणी उठवलं हे विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या कमांडच्या ‘लास्टवेक’ पर्यायाने बऱ्याचदा कळतं. लिनक्समध्ये झोपेआधी आणि उठल्यावर ‘प्रॉक’ या फोल्डरातल्या इंटरप्टच्या आकड्यांची नक्कल घ्यावी. दोन नकलांत जी ओळ बेसुमार फुगलेली दिसेल, तिच्या शेवटी लिहिलेल्या नावापासून शोध सुरू करावा.