उंदराची शेपटी कुणी मोजली?

गणेशोत्सवाच्या आधी महिना-दीड महिना कोल्हापुरात गंगावेशीकडच्या कुंभार गल्लीत चक्कर मारली, तर मूर्तींआधी दिसतात ते उंदीर. फळीवर ओळीनं मांडलेले, शाडूचे, अजून रंग न चढलेले. पुढच्या दोन पायांत लाडू, मान जरा वर. गेल्या खेपेला एका कारागिराला विचारलं, यांच्या शेपट्या कुठायत? त्यानं एक उंदीर उचलून उलटा केला. शेपटी मागून वळवून बुडाला चिकटवलेली होती. "मोकळी ठिवली तर साच्यातनं काढतानाच मोडती. आन् मोडक्या शेपटीचा उंदीर कोण न्हेतंय?"

उत्तर व्यवहाराचं होतं, पण उंदराच्या चित्रांचा सगळा इतिहास त्यात सापडतो. शेतात उंदीर ओळखायचा तर आधी शेपटी बघावी लागते. अंगापेक्षा लांब की आखूड, केसाळ की उघडी, एकरंगी की खालून फिकट. आणि शिल्पकार-चित्रकारांनी हजारो वर्षं सगळ्यात हयगय केली ती याच अवयवाची. त्यांना उंदीर हवा होता, अमुक एक उंदीर नको होता.

भाषेलाही तो फारसा नको होता. घरातला, शेतातला, झाडावरचा, सगळे आपले उंदीरच. फार मोठा असला तर घूस. चिचुंद्रीलाही आपण त्याच गोतावळ्यात बसवतो, ती तर कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी नाहीच, किडे खाणारी आहे. संस्कृतातला मूषक 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूवरून आला. म्हणजे नावच आरोपपत्रासारखं.

जगातली जुनी चित्रं पाहिली तरी हेच. इजिप्तमध्ये इ. स. पू. १२९५ ते १०७५ या काळातली चुनखडीच्या कपचीवरची रेखाटनं सापडली आहेत. त्यातल्या एकात उंदीरबाई थाटात बसली आहे आणि मांजर तिची चाकरी करतंय. राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत अशी गमतीची चित्रं रंगवली जात. उलटं जग दाखवायचं तर उंदीर हाताशी होताच. दक्षिण इटलीतल्या मेटापोंटम या ग्रीक नगराच्या चांदीच्या नाण्यांवर सातूचं कणीस असे आणि काही नाण्यांवर त्या कणसाच्या पानावर बोटाच्या पेराएवढा उंदीर बसलेला दिसतो. प्राचीन चित्रांपैकी मला हा सगळ्यात जवळचा वाटतो, कारण इथं तो पिकावर आहे. जिथं असायला हवा तिथं.

मध्ययुगीन युरोपात तो ग्रंथांच्या समासात शिरला. आयर्लंडच्या प्रख्यात बुक ऑफ केल्समध्ये, म्हणजे इ. स. ८००च्या सुमारास, एका भरगच्च नक्षीच्या पानाच्या तळाशी उंदीर प्रसादाची वडी कुरतडताहेत आणि मांजरं बघत बसली आहेत. सुमारे ११४०मधल्या प्रागच्या एका हस्तलिखितात हिल्डेबर्ट नावाच्या लेखनिकानं स्वतःलाच रंगवलंय. उंदीर टेबलावर चढून त्याचं खाणं फस्त करतोय आणि तो हातातली वस्तू फेकून मारायच्या पवित्र्यात. समोरच्या पोथीत त्यानं उंदराला लॅटिनमध्ये शिव्याशापही लिहून ठेवलेत. आठ-नऊशे वर्षं झाली, वैताग अजून ताजा वाटतो.

आपल्याकडे उंदीर आला तो कथेचं पात्र आणि देवाचं वाहन म्हणून. यजुर्वेदात 'आखुस्ते पशुः' असं रुद्राला म्हटलंय. आखु म्हणजे जमीन उकरणारा उंदीर. तो रुद्राचा पशू. गणपतीकडे तो बऱ्याच नंतर आला. गणपतीच्या सुरुवातीच्या मूर्तींत उंदीर नसतो. मध्य आणि पश्चिम भारतातल्या मूर्तींमध्ये सातव्या शतकाच्या आसपास तो पायाशी दिसू लागतो. मुद्गलपुराणात गणेशाचे आठ अवतार सांगितलेत. त्यांत वक्रतुंड सिंहावर, विकट मोरावर, विघ्नराज शेषावर आणि उरलेले पाच उंदरावर. थोडक्यात, वाहनाची जागा उंदरानं हळूहळू मिळवली.

मूर्तिकाराची अडचणही समजून घ्यायला हवी. एवढ्या थोरल्या देवाखाली एवढासा प्राणी, प्रमाण बसणार कसं? म्हणून जुन्या दगडी मूर्तींत तो कधी पाटाच्या पुढच्या पट्टीवर कोरलेला असतो, तर कधी कुत्र्याएवढा फुगवलेला. मोरगावला देवळासमोर दगडी उंदीर आहे, त्याला उंदीर म्हणून ओळखतो ते जागेवरून. कान, मिश्या, शेपटी यांची खातरजमा कुणी करत नाही, भाविकाला गरजही नसते.

महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या अवाढव्य शिल्पात मात्र उंदीर फार गमतीनं आलेत. एका पायावर तप करणारा तपस्वी वर कोरलाय आणि खाली त्याची नक्कल करत पुढचे पाय उंचावून उभं असलेलं मांजर. त्याच्या पायाशी उंदीर जमलेत, निर्धास्त. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी पांडवांना ढोंगी मांजराची गोष्ट ऐकवतो, त्याच जातीचा हा विनोद. पंचतंत्रातला हिरण्यक तर अरबी, फारसी करत जगभर फिरला. कबुतरांचं जाळं कुरतडणारा तो उंदीर मुघल चित्रशाळेपर्यंत पोचला. याच गोष्टींचा फारसी ग्रंथ म्हणजे अन्वार-इ-सुहैली, त्याची १५७० सालची सचित्र प्रत लंडनमध्ये आहे. या लघुचित्रांबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. केसाइतकी बारीक रेघ काढायचे ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे करत. म्हणजे कुरतडणाऱ्यांच्या कुळातली एक शेपटी चित्रात नसली तरी चित्रकाराच्या हातात होतीच.

स्वतःच्या नावानं, स्वतःच्या बिळासकट उंदीर कागदावर यायला अठरावं शतक उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानं गव्हाच्या शेतातला अगदी छोटा उंदीर वेगळा ओळखला. दोन उंदीर त्यानं तराजूत टाकले, तर तांब्याच्या एका अर्ध्या पेनीएवढे भरले. घरटं क्रिकेटच्या चेंडूएवढं, गव्हाच्या पात्यांनी विणलेलं. टॉमस ब्यूइकनं १७९०मध्ये चौपायांवरचं आपलं पुस्तक काढलं, त्यात लाकडी ठशांवर कोरलेले उंदीर आहेत. तो लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे कडक बाजूवर कोरायचा, त्यामुळे केसन् केस उमटे. तिथं शेपटीला पहिल्यांदा न्याय मिळाला.

आणि मग गोष्ट आपल्या मुलखात येते.

विल्यम साइक्स हा कंपनीचा लष्करी अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला होता. त्यानं इथले पशुपक्षी लंडनला पाठवले. त्या नमुन्यांवरून १८३२मध्ये दोन उंदरांची नोंद झाली. एक झाडावर राहणारा, ज्याची शेपटी अंगापेक्षा लांब असते आणि फांदीला विळखा घालायला उपयोगी पडते. दुसरा काटेरी केसांचा, माळरानावरचा.

पण खरा माणूस वॉल्टर एलियट. कोल्हापूरहून हायवेनं बेळगावच्या पुढं गेलं की कित्तूर लागतं. १८२४च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्मांच्या सैन्यानं तिथं कलेक्टर थॅकरेला ठार केलं आणि दोन तरुण इंग्रज साहाय्यकांना कैद केलं. त्यांतला एक एलियट, वय एकवीस. सुटल्यावरही तो याच भागात राहिला. इंग्रज ज्याला सदर्न मराठा कंट्री म्हणत, तो धारवाड-बेळगावचा पट्टा. कोल्हापूर संस्थानचा कारभार पुढं ज्या एजन्सीखाली होता, तिच्याही नावात दक्षिण मराठा प्रदेश होताच. या भागातल्या सस्तन प्राण्यांची एलियटनं केलेली यादी १८३९मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. आजही ती वाचताना काळं रान डोळ्यांपुढं उभं राहतं.

एलियट उंदीर शोधायला स्वतः बिळं उकरत नव्हता. उकरत होते वडार. माती आणि दगडाची कामं करणारी ही माणसं, कुठलं बीळ कुणाचं हे त्यांना तोंडावरच्या मातीवरून कळे. एकाला ते मेट्टाड म्हणत, दुसऱ्याला लेग्गड. काळ्या रानात खोल बिळं पाडून धान्य साठवणाऱ्याला कानडीत कोक. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यानं १८३७मध्ये एलियटच्या नमुन्यांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा हेच शब्द लॅटिनच्या साच्यात ओतले. मऊ केसांच्या शेतउंदराचं नाव आज मिलार्डिया मेल्टाडा असं लिहितात. मेट्टाडचं मेल्टाड छपाईत झालं असावं, असा आपला माझा अंदाज. मिलार्डिया हा मागून आलेला भाग मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्या नावावरून. पण उंदीर ज्यांनी दाखवला त्या वडारांचा शब्द दुसऱ्या भागात टिकून आहे, एका चुकलेल्या अक्षरासकट.

लेग्गडबद्दल एलियट लिहितो ते वाचण्यासारखं आहे. तांबड्या मुरमाड जमिनीत, बहुधा बांधाच्या उतारावर त्याचं बीळ. आत गेला की बारीक खड्यांनी तोंड बंद करून घेतो. बाहेरही खड्यांचा छोटा ढीग असतो, त्यावरून घर सापडतं. आत एक खोली, तिच्यातही खड्यांचीच बैठक. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या मुरमाड बांधांवर फिरताना असे खडे दिसले, की माझी पावलं आता थांबतात.

मेट्टाडची हकिकत वेगळी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत तो राहतो. पहिल्या मोठ्या पावसात भेगा मिटल्या की हजारोंनी गाडले जातात. १८२६मध्ये सुरुवातीचा पाऊसच ओढला. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर मेले नाहीत, वाढतच गेले. पेरलेलं बी उकरून खाल्लं. जे उगवलं त्यातली ज्वारी पोटरीतून बाहेर पडून भरली, तर ताटावर चढून कणसंच तोडून खाली पाडली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. मग वडारांना बोलावलं, इतक्या डझन उंदरांना इतकं माप धान्य असा दर ठरला. त्यांनी हजारो मारले तरी कमी झाल्याचं जाणवेना, असं एलियट नोंदवतो. मेटापोंटमच्या नाण्यावरचा कणसाशेजारचा उंदीर मला इथं पुन्हा भेटतो.

या सगळ्यांची चित्रं कुणी काढली? त्या काळच्या प्राणिचित्रांमागं बहुतेकदा हिंदी चित्रकार होते आणि त्यांची नावं बहुतेकदा गाळली गेली. कंपनीच्या बंगाल फौजेतल्या टॉमस हार्डविकनं असे चित्रकार पदरी ठेवून हजारो चित्रं करून घेतली. १८०४मध्ये त्यानं घुशीचं वर्णन चित्रासह छापलं. इंग्रजीतला बँडिकूट हा शब्द तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर. वर आलेला कोक तो यातलाच. पुढं तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या भलत्याच पिशवीवाल्या प्राण्याला चिकटलं. हार्डविकच्या संग्रहातली निवडक चित्रं ग्रेनं १८३०पासून दोन खंडांत छापली. त्यांचे शिळाछाप ठसे करणाऱ्यांत वॉटरहाउस हॉकिन्स होता, ज्यानं पुढं लंडनच्या बागेत डायनोसॉरचे पुतळे उभारले.

लघुचित्रं रंगवायला शिकलेला हात मेलेल्या घुशीपुढं बसला, तेव्हा काम बदललं. आता उंदीर पाटावर आडवा. पाय सुटे दिसले पाहिजेत, तळव्याच्या गाद्या मोजता आल्या पाहिजेत, शेपटीवरची कडी दाखवायची आणि शेपटी कागदाबाहेर जाईल म्हणून वळवायची नाही. मद्यार्कात बुडवलेल्या नमुन्याचा रंग उडतो, म्हणून ताजा असतानाच रंग लावून घ्यायचे. या चित्रांत गोष्ट नाही, देव नाही, मांजरही नाही. मला ती थोडी कोरडी वाटतात, पण उंदराकडे उंदीर म्हणून बघणारी आपल्याकडची हीच पहिली.

कोल्हापूरची कलापरंपरा या वाटेला फारशी गेली नाही. आबालाल रहिमान यांचा रंकाळा, बाबूराव पेंटर यांच्या व्यक्तिरेखा, पडदे, सिनेमा. हुबेहूबपणाचा एवढा ध्यास असलेल्या गावात उंदीर राहिला तो गणपतीच्या पायाशी, नाहीतर आजीच्या गोष्टीत. टोपी शिवून घेऊन 'राजा भिकारी, माझी टोपी घेतली' म्हणत ढोल बडवणारा.

शेतात मात्र तो अजून मेट्टाड आहे, कोक आहे. उसाच्या बुडख्याची दोन-तीन कांडी कुरतडली की ऊस लोळतो, वजन घटतं, साखर उतरते. पाचट ठेवलेल्या खोडव्यात तर त्याला आयतं छप्पर मिळतं. मग झिंक फॉस्फाइडची आमिषं, घुबडांसाठी पक्षिथांबे.

गेल्या तोडीच्या वेळी फडाच्या कडेला एक मेलेला सापडला. सगळ्यात छोटा, बूडुगा. जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा, पोट पांढरं, पाठ तपकिरी. ग्रेनं या जातीची पहिली नोंद केली तीही दक्षिण मराठा प्रदेशातल्याच नमुन्यावरून. दोऱ्यानं शेपटी मोजली, जवळजवळ अंगाएवढीच भरली. मग तो मूळ आकारात कागदावर उतरवला. पाय सुटे, शेपटी सरळ, कडी मोजून. चित्र घेऊन त्याच कारागिराकडे गेलो. त्यानं हात पुसले, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाला, "बाकी झ्याक हाय. शेपटी तेवढी लई लांब काढलीसा."