डॅन्यूब दोन्हीकडे, शहराच्या मधोमध मात्र एकीकडेच

व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या डॅन्यूबवरच्या दोन राजधान्या एकाच दृश्याच्या दोन प्रती आहेत, असे सहलीची आखणी करताना सर्रास गृहीत धरले जाते, आणि ‘एक पाहिले की दुसरे पाहिल्यासारखेच’ हा सल्लाही त्यातूनच येतो. व्हिएन्नाचे राजवाडे, ऑपेरा, कॉफीगृहे आणि जुन्या तटबंदीच्या जागी झालेला रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता वाचकाला ठाऊक असतीलच. चलनाचे आणि खाण्याचे फरक कोणतीही मार्गदर्शिका सांगेल. खरा घोटाळा नदीच्या जागेबाबत होतो.

व्हिएन्नाच्या गाभ्यातून डॅन्यूब वाहत नाही. मध्यवर्ती श्वेडनप्लात्झ चौकाजवळच्या ज्या पाण्याचे छायाचित्र लोक कौतुकाने घरी पाठवतात, तो डॅन्यूबचा कालवा आहे, म्हणजे नदीचा जुन्या शहरालगतचा, पुढे बांधून काढलेला फाटा. मुख्य नदी तिथून दोन-अडीच किलोमीटर पलीकडे आहे. पूर्वी ती येथील सपाटीवर अनेक फाट्यांत पसरत असे आणि वारंवार पूर आणत असे, त्यामुळे शहर तिच्यापासून अंतर राखूनच वाढले. १८७० ते १८७५ या काळात तिला सरळ पात्रात घातले गेले. पुढे १९७२ पासून पुराच्या पाण्यासाठी शेजारी दुसरे पात्र खोदले गेले आणि निघालेल्या मातीतून सुमारे २१ किलोमीटर लांबीचे डोनाउइन्झेल हे बेट उभे राहिले. स्थानिक लोक तिथे पोहतात आणि सायकली चालवतात. राजवाड्यांसाठी आलेल्या पाहुण्याला तिथे पाहण्यासारखे थोडेच आहे.

बुडापेस्टला नदीने असा पसारा मांडलेला नाही. पश्चिमेला बुडाच्या टेकड्या थेट काठाशी येतात, गेलर्ट टेकडीचा डोलोमाइट खडकाचा कडा तर पाण्यालगतच उभा राहतो, आणि पूर्वेला पेस्टचे सपाट मैदान सुरू होते. एकवटलेल्या या पात्रावर १८४९ मध्ये साखळी पूल खुला झाला आणि १८७३ मध्ये बुडा, ओबुडा व पेस्ट मिळून एक शहर झाले. टेकडी आणि मैदान जिथे भेटतात तिथल्या भूस्तरभंगातून, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतील भेगेतून, गरम पाणी वर येते, म्हणून रुडाससारखी जुनी स्नानगृहे बुडाच्या पायथ्याशी आहेत. सर्वाधिक छायाचित्रांत दिसणारे पेस्टमधले सेचेनी स्नानगृह मात्र खोल खोदलेल्या विहिरींच्या पाण्यावर चालते. नदी येथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत असल्याने दुपारनंतरचे ऊन पेस्टच्या काठावरील संसदेच्या दर्शनी बाजूवर पडते. ती वेळ बुडाच्या किल्ल्याच्या टेकडीवर घालवावी आणि अंधार पडल्यावर पेस्टच्या काठाने धावणाऱ्या दोन क्रमांकाच्या ट्राममध्ये बसावे. महागड्या जेवणाच्या बोटीपेक्षा मला ती ट्राम केव्हाही अधिक पसंत आहे.

म्हणून व्हिएन्नात नदीवरची संध्याकाळ शोधणे मला वेळेचा अपव्यय वाटतो. त्या शहराचे निसर्गसौंदर्य वायव्येकडे, व्हिएन्नाच्या अरण्याच्या कडेला आणि शहराच्या हद्दीतच असलेल्या द्राक्षमळ्यांत आहे, आणि बहुतेक सहलींत नेमके तेच वगळले जाते. हायलिगेनश्टाट स्थानकावरून ३८ए क्रमांकाची बस ४८४ मीटर उंचीच्या कालेनबर्गवर जाते. परतताना पायी नुसडॉर्फपर्यंत उतरावे आणि मळेवाल्यांच्या होयरिगरमध्ये, म्हणजे वाइनगृहात, त्यांच्याच द्राक्षांची वाइन घ्यावी. डॅन्यूबही कालेनबर्गवरून पूर्ण दिसते, बेटासकट.