सुटलेलं शिक्षण पुन्हा धरताना : आमचे समुपदेशक काय करतात, काय करत नाहीत

नोकरी-संसारात शिक्षण मागे पडलं आणि आता पदवी घ्यायची आहे, अशा ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हे पत्रक. ‘कोणता कोर्स घेऊ?’ या प्रश्नाआधी आमचे समुपदेशक कागद मागतात : गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार. वाट त्यावरूनच ठरते.

बारावी राहिली असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म (कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं चालते, एकेक विषय पास होत जाता येतं. शिफ्ट ड्युटी असेल तर आम्ही सहसा हीच वाट सुचवतो. बारावी झालेल्यांना इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण खुलं आहे.

घोडं अडतं ते नावात. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डेब आयडी लागतो, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवरचा विद्यार्थी क्रमांक. त्यासाठी आधी एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) हवा, आणि डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपवरून तो काढताना नाव आधारवरचं येतं. नावं जुळली नाहीत की अर्ज लटकतो. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. राजपत्राला वेळ लागतो, त्यामुळे शेवटच्या तारखेच्या तोंडावर आलात तर आमचाही इलाज नसतो.

प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने जास्त नाजूक. इग्नूच्या बहुतेक विषयांत स्वाध्यायांना (घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटना) ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के भार असतो. स्वाध्याय दिलाच नाही, तर पेपर कितीही चांगला जाऊ दे, त्या विषयात पास होता येत नाही. परीक्षेचा फॉर्म आणि फीही वेगळी. प्रवेश झाला म्हणून परीक्षेला आपोआप नाव लागत नाही. समुपदेशक तुमचा ड्युटी चार्ट समोर ठेवून या तारखा मांडून देतात. अभ्यासकेंद्र निवडताना रविवारचा मेगाब्लॉक धरूनच निवडा. वाशीचं केंद्र नकाशावर जवळ दिसतं, पण ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल बंद असली की ठाण्याहून सकाळच्या तासिकेला पोहोचणं मुश्कील.

आम्ही प्रवेश ‘करून’ देत नाही, स्वाध्याय लिहून देत नाही. विद्यापीठाची फी तुम्हीच थेट पोर्टलवर भरायची. ‘एका वर्षात पदवी’ म्हणणाऱ्याच्या हाती एक रुपयाही देऊ नका.

येताना मूळ कागद आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा, ओटीपी त्यावरच येतो. तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात बदलून घ्या.