पापणीवर चालणारा गेम

व्हिडिओ गेम म्हटलं की बंदुका, आरडाओरडा आणि वाया गेलेली रात्र, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. एका तऱ्हेच्या गेमबाबत तरी ती साफ चुकीची आहे. तास-दोन तासांत संपणारे, गोष्ट सांगणारे, मरण, विरह, पश्चात्ताप अशा विषयांना हात घालणारे छोटे गेम गेली काही वर्षं सातत्याने येत आहेत. २०१२ चा 'जर्नी' आणि २०१८ चा 'फ्लॉरेन्स' ही त्यातली गाजलेली नावं. मला मात्र आज एकाच गेमबद्दल लिहायचं आहे, २०२१ साली आलेल्या 'बिफोर युअर आइज'बद्दल. शरीरशास्त्रातली एक विलक्षण गोष्ट त्याने खेळाच्या केंद्रस्थानी आणली आहे.

यात तुम्ही मेलेले असता. एक लांडगा नावाडी होऊन तुमचा आत्मा होडीतून नेत असतो आणि वाटेत तुम्हाला तुमचं आयुष्य पुन्हा पाहायला मिळतं. लॅपटॉपचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांवर रोखलेला असतो. प्रसंग सुरू झाल्यावर थोड्या वेळाने पडद्यावर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत ताल देणारं यंत्र, दिसू लागतो. त्यानंतर तुमची पापणी लवली की काळ पुढे उडी घेतो. कोणी बोलत असेल तर त्याचं वाक्य अर्धंच राहतं.

चवथीच्या सुट्टीत फोंड्याच्या घरी भाच्याने हा गेम लावला. पावसामुळे भरदुपारी घरात अंधार, त्यामुळे कॅमेऱ्याला डोळेच सापडेनात. टेबल लॅम्प समोर आणून ठेवला, माझ्या बायकोने चष्म्यावर चकाकी येऊ नये म्हणून मान जरा खाली घेतली, तेव्हा कुठे जमलं. पडद्यावर आई मुलाशी बोलत होती. भाचा म्हणाला, "मामी, आता डोळे मिटू नकोस हां." ती कळवळून म्हणाली, "अरे, मी कुठे मिटतेय? ते आपोआप मिटतात!"

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. डोळ्यात धूळ गेली की पापणी मिटते ती प्रतिक्षिप्त क्रिया. ठरवून मिटतो ती ऐच्छिक. आणि तिसरी, सगळ्यात जास्त वेळा होणारी, आपसूक. मोठ्या माणसाच्या बाबतीत मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा. वरची पापणी उचलून धरणारा स्नायू क्षणभर सैल पडतो, डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला जातो आणि पापणी खाली येते. एका लवण्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा धरला आणि मिनिटाला १५ लवणी, तर प्रत्येक मिनिटातले पाच सेकंद पापणीच्या या हालचालीत जातात. दीड तासाच्या गेममधली साडेसात मिनिटं!

मग मधूनमधून अंधार का दिसत नाही? १९८० साली व्होल्कमन या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी यावर सुंदर प्रयोग केला. डोळे अपारदर्शक गॉगलने झाकले आणि प्रकाशतंतू, म्हणजे उजेड वाहून नेणारी बारीक तार, तोंडात धरून टाळूमधून डोळ्याच्या पडद्यावर उजेड पाडला. आता पापणी मिटली काय नि उघडली काय, पडद्यावरचा उजेड तोच. तरीही पापणी लवताना लोकांना त्या उजेडातला बारीक फरक ओळखता येईना. म्हणजे पापणी मिटण्याचा हुकूम निघतो तेव्हाच दृष्टीची संवेदनाही मंदावते. २००५ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी हीच टाळूची युक्ती एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या, यंत्रात वापरली आणि मेंदूतल्या दृष्टीच्या काही केंद्रांमधली, तसंच मेंदूच्या पार्श्व आणि अग्र भागांतली हालचाल त्या क्षणी खाली जाते हे पाहिलं. स्वतःच्या हालचालीमुळे पडलेली फट मेंदू जाणिवेपर्यंत पोचूच देत नाही.

डोळा ओला ठेवायला इतक्या वेळा पापणी लवायची गरजच नसते. जपानमध्ये तामामी नाकानो यांच्या गटाने लोकांना मिस्टर बीनच्या चित्रफिती दाखवल्या, तर निरनिराळ्या माणसांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच वेळी लवत होत्या. एखादी कृती संपली, पात्र नजरेआड झालं की तेव्हा. निसर्गदृश्यं दाखवली तेव्हा हा मेळ दिसला नाही. जत्रेतल्या नाटकाला बसलेल्या प्रेक्षकांचंही असंच होत असणार, असं मला वाटतं. २०१३ मध्ये त्याच गटाला दिसलं की पापणी लवताच मेंदूतलं बाहेर लक्ष देणारं जाळं क्षणभर मंदावतं आणि डिफॉल्ट मोड नेटवर्क, म्हणजे आपण स्वतःच्या विचारांत असताना जागं असणारं जाळं, वर येतं. चित्रफीत तेवढ्याच वेळापुरती काळी केली तर असं होत नाही.

गोष्टीत विरामाची जागा सापडली की पापणी लवते, आणि हा गेम नेमका वाक्याच्या मध्यावर, जिव्हाळ्याच्या क्षणी, तिला अडवायला लावतो. डोळे ताणून धरले की अश्रूंचा पातळ थर फाटू लागतो, बाष्पीभवनाने पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, थंड होतं, तिथले दाट मज्जातंतू ओरडू लागतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. हे पाणी चुरचुरण्याचं की दुःखाचं, हे खेळणाऱ्याला सांगता येत नाही. या एका कल्पनेसाठी मी या गेमच्या निर्मात्यांना सलाम करतो.

पापणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. उजवा डोळा फडफडला तर पुरुषाला शुभ आणि बाईला अशुभ, हे अजून शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. अपुरी झोप, ताण, जास्त चहा-कॉफी यांनी पापणीतले स्नायुतंतू थरथरतात. त्याचा येणाऱ्या पाहुण्याशी किंवा पैशाशी काडीचा संबंध नाही. असे गेम खेळून माणूस कायमचा सहृदय होतो, असं कुणी म्हटलं तर तेही मी मान्य करत नाही. दीड तासात स्वभाव बदलत नसतो.

खेळणार असाल तर दिवा पाठीमागे न ठेवता समोर ठेवा आणि सुरुवातीला गेम डोळ्यांची जुळणी करतो ती घाईने उरकू नका. माऊसने क्लिक करूनही खेळता येतं, पण शक्यतो पापणीनेच खेळा. पावसाळ्यात डोळे आले असतील तर मात्र बरे होईपर्यंत थांबा.